चवड्यावर पाय देऊ नये

घरातलं कुणी गेल्यावर लोक येतात, तसे सकाळपासून लोक बुटासाठी येत होते. दुकानात शिरायचे, आवाज खाली आणायचे, छताकडे बघून मान हलवायचे आणि जाताना ‘काही लागलं तर सांगा, संकोच करू नका’ असं म्हणून जायचे. बूट अजून गेलेला नव्हता. तो आपला दुकानाच्या छतावर होता तिथेच होता. दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहिली तरी वरच्या कडेला हात पोचणार नाही एवढा उंच, पत्र्याचा, लालसर तपकिरी, साखळदंडाच्या नाड्यांचा, टाच छतावर आणि चवडा फुटपाथच्या वर काढून बसलेला. पण नगरपालिकेने बजावलं होतं, रस्त्यावर आलेल्या असल्या अवाढव्य पाट्या एक तर भक्कम आहेत असं दाखवा, नाही तर उतरवा. आज दुपारी इंजिनियर तेच बघायला येणार होता.

धाकटीला कुठेही बसवत नव्हतं. धाकटी म्हणजे घरातली धाकटी सून. पन्नाशी आली, लेक शिकून नोकरीला लागली, तरी गल्लीत, दुकानात, घरात तिचं नाव धाकटीच राहिलं होतं. तिने काउंटर तीनदा पुसला. मागच्या कारखान्यात जाऊन ती चामडं कापायची रापी घेऊन सोलच्या कडा तासायला बसली, दोन कडा तासून उठली, रापी तशीच एप्रनच्या खिशात टाकून पुन्हा बाहेर आली. चहा टाकला तो उतू गेला. दारात उभं राहावं तर समोर गर्दी, आत जावं तर घरातली माणसं. तिला दोन्ही नको होतं.

गर्दीचं म्हणाल तर तिचा त्यात दोष नव्हता. तीन पिढ्या लोक या बुटावर वाढले होते. बसथांब्याला सरकारी नाव होतं, पण ते कंडक्टरलाही ठाऊक नसावं. तो ‘बूट, बूट, बुटावाले पुढे या’ एवढंच ओरडायचा. नवीन भाडेकरूला घर सांगायचं तर बुटापासून डावीकडे. मुलांना धाक घालायचा तर बुटाच्या पलीकडे एकटं गेलास तर बघ. कितीतरी लग्नं बुटाखाली ठरली होती आणि त्यातली दोनचार बुटाखालीच मोडलीही होती. शाळेच्या बाईंनी आज मुलांनी काढलेली बुटाची चित्रं दोरीला टांगली होती. आणि पेपरवाल्याचा ठेला तर बरोबर चवड्याखाली. त्याच्या बापापासून त्यांना दुसरं छप्पर माहीत नव्हतं. त्याने रात्रीतून एक मोठा कापडी फलक रंगवून आणला होता, ‘आमचा बूट आमच्या डोक्यावर’. त्यावर हसावं की रडावं हे कुणालाच कळत नव्हतं, म्हणून सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं.

धाकटीला बूट आवडत नव्हता, आणि हे सांगायची सोय या गल्लीत कुठे नव्हती. नऊ वर्षांपूर्वी तिचा नवरा तो रंगवताना वरून पडला. मांडीचं हाड असं मोडलं की बसवून बसवूनही पाय आखूड राहिला. भेटायला अख्खी गल्ली आली होती, फळं घेऊन, डबे घेऊन. आणि पलंगाशी बसल्यावर प्रत्येकाचा दुसरा प्रश्न एकच होता, बुटाला काही झालं नाही ना? तिने तेव्हाच कानाला खडा लावला. बुटाबद्दल बरं बोलायचं नाही, वाईटही बोलायचं नाही. पण माणूस बोलत नाही म्हणजे त्याचं पोट दुखत नाही असं थोडंच आहे.

थोरले भाऊजी सकाळपासून नवा शर्ट घालून दारात उभे होते. दुकान ते चालवत, म्हणजे दुकानात बसत. कारखान्यातलं खरं काम धाकटीचा नवरा करी आणि शेवटचा हात धाकटी फिरवी. भाऊजींना बोलायला आवडायचं. आमच्या आजोबांनी तेलाच्या पिंपांचे पत्रे कापून हा बूट कसा घडवला, तेव्हा समोर नुसतं माळरान कसं होतं, ही कथा ते आज सकाळी सहाव्यांदा सांगत होते, आणि दर खेपेला पिंपं वाढत होती. घराण्याच्या रीतीही सांगत होते. बूट रंगवायचा तो घरात जन्मलेल्यानेच. खालचा दोर धरायचा तो घरच्यानेच. आणि जुना रंग खरवडायचा नाही, कारण त्याच्याखाली आजोबांचा हात आहे. दर वर्षी त्यावर नवा थर. त्यामुळे बूट वयाप्रमाणे माणूस सुटतो तसा सुटत गेला होता. लोकांना तेही आवडायचं.

वन्सं कालच आल्या होत्या, दुसऱ्या शहरातून, दोन बॅगा आणि एक गिऱ्हाईक घेऊन. गिऱ्हाईक म्हणजे जागेचं. आई-वडील गेले, तेव्हापासून या इमारतीत तिघा भावंडांचा वाटा होता आणि वन्संना आपला वाटा हवा होता, त्यात गैर काही नव्हतं. सकाळच्या नाष्ट्याला त्या स्पष्ट म्हणाल्या होत्या की दुकानात दिवसाला एक जोड खपत नाही आणि डोक्यावर हा डोंगर, नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हाच. उतरवतायत तर देवच पावला म्हणा. धाकटीने त्यांच्या चहात मुद्दाम साय घातली होती. लग्न होऊन इथे आल्यापासून नणंदेशी तिचं पहिल्यांदाच पटत होतं.

पण ते पटणं अकरापर्यंतच टिकलं. वन्संना फोन आला, त्या मागच्या दारी जाऊन बोलल्या आणि आत आल्या त्या डोळे पुसतच. म्हणाल्या, बूट जाता कामा नये, आजोबांची आठवण आहे ती. धाकटी बघतच राहिली. मग हळूहळू उलगडलं ते असं की गिऱ्हाइकाला इथे कॉफीचं दुकान काढायचं होतं आणि त्याला जागा बुटासकटच हवी होती. बूट नसेल तर सौदा नाही. भाऊजींचा चेहरा बघण्यासारखा झाला. आतापर्यंत बूट वाचवायला ते एकटे भीष्मप्रतिज्ञा करून उभे होते. आता बहीण शेजारी येऊन उभी राहिली, ती बूट वाचवून त्यांच्याच खालून जागा काढून घ्यायला. ते नाही म्हणू शकत नव्हते आणि हो म्हणायला जीभ वळत नव्हती. शेवटी दोघांनी तात्पुरता तह केला. आधी इंजिनियर जाऊ दे, मग आपलं आपण बघू.

त्या तहातूनच रंगाची कल्पना निघाली. ती आधी वन्संच्या डोक्यातून आली की भाऊजींच्या, हे नंतर दोघंही एकमेकांवर ढकलत होती. तो माणूस यायच्या आत बुटावर एक हात मारून घ्यायचा. चकाकता बूट बघितला की अर्धं काम होतं. भाऊजींचे गुडघे गेल्या वर्षीच जवाब देऊन बसले होते, धाकटीच्या नवऱ्याचा पाय असा. भाऊजींना मूलबाळ नव्हतं, वन्संना शिडी बघूनच चक्कर यायची आणि त्यांचा मुलगा परदेशात. घरात जन्मलेलं आणि वर चढू शकेल असं एकच माणूस राहिलं होतं आणि ते नेमकं रजा काढून घरी आलेलं होतं. टाचणी.

टाचणी म्हणजे धाकटीची लेक. लहानपणी बारीक आणि टोचरी होती म्हणून पडलेलं नाव. आता बारीक राहिली नव्हती. तिने रंगाचं ऐकलं आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते धाकटीच्या नजरेतून सुटलं नाही. पोरगी लहान असल्यापासून या दिवसाची वाट बघत होती.

धाकटीने तिला कारखान्यात गाठलं. टाचणी जुनी पँट घालून केस बांधत होती. तिथे फळ्यांवर लाकडी फर्म्यांच्या ओळी होत्या, गल्लीतल्या जिवंत आणि मेलेल्या माणसांच्या पायांच्या.

“तू वर जाणार नाहीस,” धाकटी म्हणाली.

“आई, दर वर्षी तू खाली बसून रंग ढवळतेस. मान वर करून कधी बघितलंस तरी का त्याच्याकडे?”

“बघितलं होतं. तेव्हा तुझे बाबा खाली येत होते.”

टाचणी केस बांधायची थांबली नाही. मग समजुतीच्या सुरात म्हणाली की बाबांचा पाय घसरला होता, रंग ओला होता, हे त्यांनीच सांगितलंय. ती कोरड्यावरून जाईल, दोर असेल, खाली बाबा असतील. एवढी माणसं उभी आहेत आई. हे शेवटचं वाक्य धाकटीला सगळ्यात जास्त लागलं. नऊ वर्षांपूर्वीही एवढीच माणसं उभी होती.

ती नवऱ्याकडे गेली. तो दारातल्या स्टुलावर बसून दोर तपासत होता. हा माणूस कमी बोलायचा. लोक म्हणायचे, याच्या वाटणीचं थोरला बोलतो. तिने त्याला सांगितलं की पोरीला अडव. तो दोर हातातून फिरवत राहिला. म्हणाला, आज नाही म्हटलं तर जन्मभर नाव ठेवेल. ती म्हणाली, ठेवू दे, नाव ठेवायला जिवंत तर राहील. त्यावर त्याने तिच्याकडे बघितलंच नाही, आणि ते तिला खटकलं. तो भांडत नसे, पण नजर चुकवणाराही नव्हता.

टाचणी बाहेर आली तशी गर्दीत टाळ्या पडल्या. नवऱ्याने तिच्या कमरेला दोर बांधला, गाठ ओढून बघितली, पुन्हा ओढून बघितली. भाऊजी जवळ आले आणि पोरीच्या कानाशी लागून सांगू लागले. धाकटी रंगाचा डबा घेऊन मागेच उभी होती, म्हणून तिला ऐकू आलं.

“टाचेवर उभं राहूनच हात मारायचा. पुढे ब्रश लांब काठीला बांधून. चवड्यावर पाय द्यायचा नाही.”

“का?” हे टाचणीने नाही, धाकटीने विचारलं.

भाऊजी दचकले. “का म्हणजे? रीत आहे आपली.”

धाकटीला या घरातल्या सगळ्या रीती पाठ होत्या. सुनेला त्या पाठ कराव्याच लागतात, लेकींना नुसत्या मोडता आल्या तरी चालतं. ही त्यात नव्हती. सासरे चवड्यावर मांडी घालून बसायचे आणि खाली पोरांना गोळ्या टाकायचे, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी नवरा त्याच चवड्यावर उभा राहून तिच्याकडे बघून हसला होता. ती रीत कधीपासूनची, असं तिने पुन्हा विचारलं. भाऊजी म्हणाले, तू रंग ढवळ. नवरा दोराकडे बघत होता.

तेवढ्यात शाळेच्या बाईंनी टाचणीला हाक मारली. मुलांना तिच्यासोबत फोटो हवा होता. टाचणी हसत तिकडे गेली, दोर तिच्या मागे फुटपाथवरून सरपटत गेला, आणि भिंतीला लावलेली शिडी मोकळी राहिली.

धाकटीने ठरवलं असं काही नाही. तिच्याच्याने उभं राहवेना एवढंच. सकाळपासून पाय नुसते इकडून तिकडे नेत होते, आता त्यांनी तिला वर नेलं. चारपाच पायऱ्या चढल्यावर कुणीतरी ओरडलं, “अरे, धाकट्या वहिनी निघाल्या,” आणि हशा पिकला. कुणी शिट्टी घातली. पेपरवाला म्हणाला, वहिनी, जाताय तशी नाडी पण बांधून या. हात घामाने शिडीला चिकटत होते. ती खाली बघत नव्हती. मग नवऱ्याचा आवाज आला. तो ओरडला नाही. पण पाय मोडलेल्या दिवशी त्याने तिला हाक मारली होती, तोच हा आवाज होता.

“अगं, चवड्याकडे जाऊ नकोस.”

त्या हाकेने तिला जे कळायचं ते अर्धं कळलं. उरलेलं अर्धं बघायला ती चढली.

छतावरून बूट अगदीच वेगळा दिसत होता. खालून तो डौलदार वाटायचा. इथे तो नुसता प्रचंड होता, उन्हाने तापलेला, रंगाचे ओघळ गोठलेले, नाड्यांच्या कड्यांत पक्ष्यांनी काड्या भरलेल्या. ती छताच्या कडेशी गुडघ्यांवर बसली. तिथून पुढे पावलाचा भाग अधांतरी निघत होता. तिने एका हाताने साखळदंड पकडला, पोटावर आडवी झाली आणि दुसरा हात लांब करून चवड्यावर दाबला.

पत्रा दबत नाही. हा दबला.

ती आयुष्यभर चामडं हाताळत आली होती. बोटांना डोकं लागत नाही, ती आपलं ओळखतात. तिने एप्रनच्या खिशातून रापी काढली आणि कडेला टोचली. पातं रंगात गेलं, रंगाच्या जाड थरांतून करकरत खाली गेलं, आणि मग सरसर चिरत गेलं, जसं ते रोज कारखान्यात जायचं. तिने कड उचलली. बुटाला ठिगळ लावलेलं होतं. चांगलं जाड, सोलचं चामडं, खाली उरल्यासुरल्या पत्र्याला आरीने भोकं पाडून मेणाच्या दोऱ्याने शिवलेलं आणि वरून रंगवून टाकलेलं.

टाका भाऊजींचा होता. ते डावखुरे, त्यांची शिवण नेहमी उलट्या बाजूला कलते. ते पूर्वी कारखान्यात बसत तेव्हा धाकटीने त्यांच्या हातचे शेकडो जोड साफ केले होते. तिने ठिगळ आणखी सोललं. खाली दुसरं ठिगळ होतं, जुनं, लहान, मधोमध फाटून आत लोंबणारं. त्याच्या कडेची शिवण सरळ होती आणि शेवटी दोरा दोनदा मागे घेऊन तोडलेला होता. असा दोरा या घरात एकच माणूस तोडतो. दोन वेळा मागे कशाला घेता, मला कापायला त्रास होतो, असं ती त्याला वर्षानुवर्षं म्हणत आली होती.

फाटलेल्या भोकातून थेट खालचं दिसत होतं. पेपरांचे गठ्ठे दिसत होते, पेपरवाल्याच्या डोक्यावरचं टक्कल दिसत होतं. तो वर बघून अजून हसत होता.

धाकटीने सगळं एका दमात वाचलं. चवड्याचा तळ उघडाच, पण खालून आत नुसता अंधार दिसतो, आणि त्या दिवशी सगळे पडलेल्या माणसाकडे बघत होते. नवऱ्याला पत्रा कुजल्याचं पडण्याच्या आधीच ठाऊक होतं. त्याने बूट बुटासारखाच दुरुस्त केला, मोची जसा करेल तसा, आणि पुढच्या वर्षी आपल्याच ठिगळातून खाली गेला. ती दवाखान्यात त्याच्या उशाशी बसलेली असताना भाऊजींनी वर येऊन त्यावर मोठं ठिगळ मारलं, रंग फासला. मग झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि आज त्याच मुठीवर त्यांनी तिच्या पोरीला चढवायला काढलं होतं.

तिला राग आला नाही, आधी भीतीच वाटली. राग शिडी उतरताना आला, पायरीपायरीने.

खाली आल्यावर ती कुणाशी बोलली नाही. लोक विचारत होते, वहिनी, काय बघितलंत. ती सरळ मागे कारखान्यात गेली. दोघे भाऊ तिच्या मागोमाग आले, एक भरभर, एक पाय ओढत, आणि त्यांच्या मागून काय झालं ते न कळलेल्या वन्सं. धाकटीने दार लोटून घेतलं.

“खालचं तुमचं,” ती नवऱ्याला म्हणाली, “आणि वरचं तुमचं, भाऊजी.”

भाऊजी तुकड्यातुकड्यांनी बोलू लागले. की नवा पत्रा घालायचा तर बूट खाली घ्यावा लागला असता. की नियम कधीच बदललेत, खाली आलेली एवढी पाटी परत वर चढवू देत नाहीत. की गेली आठ वर्षं त्यांनी स्वतःच तर रंगवला, टाचेवर उभं राहून, काही झालं का? वन्संना आता उलगडा झाला. त्या भिंतीला टेकल्या, आणि दुसऱ्याच क्षणी धाकटीचा हात धरून म्हणाल्या की आजचा दिवस गप्प बस, सौदा होऊ दे, पुढे तो कॉफीवाला आणि त्याचं नशीब. आपलेच दात आणि आपलेच ओठ, धाकटे. धाकटीने हात सोडवून घेतला. सकाळी घातलेल्या सायीचा तिला पश्चात्ताप झाला.

नवरा फर्म्यांच्या फळीला धरून उभा होता.

“दवाखान्यात मी तुम्हाला विचारलं होतं,” ती म्हणाली. “कसे पडलात म्हणून. तुम्ही म्हणालात, घसरलो.”

“खरं सांगितलं असतं तर तू बूट उतरवायला लावला असतास.”

“हो.”

“म्हणून नाही सांगितलं.” त्याने फळीवरचा एक फर्मा हातात घेतला. “मला आवडतो तो. काय करू?”

इतक्या वर्षांच्या संसारात त्याने कशालाही आवडतं म्हणून म्हटलेलं तिला आठवत नव्हतं, चहालासुद्धा नाही. तिला त्याची कीव आली आणि त्याच वेळी त्याला गदागदा हलवावंसं वाटलं. ती काही बोलणार तेवढ्यात दार करकरलं. टाचणी उंबऱ्यात उभी होती, कमरेला दोर, हातात ब्रश. ती किती वेळ उभी होती कुणास ठाऊक, पण पुरेसा वेळ उभी होती.

“बाबा,” ती म्हणाली, “मला सांगणार होतात ना?”

“दादाने सांगितलं की तुला. टाचेवरून जायचं म्हणून.”

“का ते सांगणार होतात का, विचारतेय.”

त्याने तिच्या कमरेच्या दोराकडे बघितलं. खोटं बोलला असता तर बरं झालं असतं असं धाकटीला वाटलं, पण तेही त्याला जमलं नाही. टाचणीने ब्रश फळीवर ठेवला आणि कमरेची गाठ सोडायला घेतली. गाठ बापाने बांधलेली, तीही दोनदा ओढून. तिला ती सुटेना. तो मदतीला पुढे झाला, तशी ती एक पाऊल मागे सरली. मग आईकडे वळून तिने हात पुढे केला. धाकटीने तिच्या हातात रापी दिली. टाचणीने दोर कापला. तो तिच्या पायाशी पडला आणि ती त्याला ओलांडून बाहेर गेली.

या घरात तो दोर कुणी कधी कापला नव्हता. भाऊजी खाली वाकले आणि दोन्ही टोकं हातात घेऊन तसेच बसून राहिले.

बाहेर गलका वाढला. इंजिनियर आला होता. तरुण माणूस होता, डोक्यावर पिवळं हेल्मेट, आणि गर्दी बघून बिचकलेला. शाळेच्या बाईंची मुलं ‘बूट, बूट’ असा गजर करत होती. कुणी त्याच्या हातात चित्र देत होतं, कुणी थंड पाणी. तो शिडीकडे निघाला. त्याने पहिल्या पायरीवर पाय ठेवला तेव्हा धाकटी दुकानाच्या दारात पोचली होती आणि तिने बोलायला श्वास घेतला होता. तिला माहीत होतं की हे वाक्य बोललं की या गल्लीत तिला पुन्हा कुणी हसून वहिनी म्हणणार नाही. तरी ती बोलणार होती.

पण तिला बाजूला सारून नवरा पुढे गेला. पाय ओढत गर्दीतून वाट काढत तो शिडीपाशी पोचला आणि त्याने शिडीला हात लावला.

“साहेब, वर जाऊ नका. पत्रा गेलाय,” तो म्हणाला. “चवड्याला पत्राच नाही. चामडं आहे, आम्ही शिवलेलं. मी पडलो तो घसरून नाही, त्याच्यातून आरपार खाली आलो.”

तो हळू बोलला होता, पण पुढच्यांनी ऐकलं आणि मागच्यांना सांगितलं. मुलांचा गजर आधी पुढून थांबला, मग मागून. दारात वन्संनी डोळे मिटून घेतले. इंजिनियरने पाय पायरीवरून काढला आणि मान वर करून बघितलं. मग सगळ्यांनीच वर बघितलं. धाकटीने उचललेली ठिगळाची कड वाऱ्यावर हलत होती.

धाकटीला वाटलं होतं लोक चिडतील, भाऊजींना जाब विचारतील, निदान रडतील. पेपरवाल्याने फलकाकडे एकदा बघितलं. मग तो वाकला, पेपरांचा एक गठ्ठा उचलला आणि चवड्याखालून काढून पलीकडच्या दिव्याच्या खांबापाशी नेऊन ठेवला. परत येऊन दुसरा नेला. शाळेच्या बाईंनी मुलांना हाताने मागे घेतलं. बसची वाट बघणारे दोघे बाजूला झाले, त्यांचं बघून आणखी चौघे झाले. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. बघता बघता फुटपाथवर बुटाएवढी जागा रिकामी झाली. धाकटी या घरात आल्यापासून ती जागा रिकामी कधी नव्हती.

तिच्या मनासारखं झालं होतं. नऊ वर्षं तिने मनातल्या मनात हेच मागितलं होतं आणि आता तिला रडू आवरेना, कुणासाठी ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. खाली त्या रिकाम्या जागेत तिचा नवरा एकटाच उभा राहिला होता, शिडी धरून, मान वर करून. दोराची टोकं हातात घेऊन दारात आलेले भाऊजी तिथून हलले नाहीत. टाचणी खांबापाशी पाठ करून उभी होती, तीही हलली नाही.

धाकटीने पदराने तोंड पुसलं आणि ती फुटपाथवर उतरून त्याच्यापाशी गेली.

“चला,” ती म्हणाली, “इथे उभं राहायचं नाही.”

“आलोच,” तो म्हणाला, पण मान खाली घेतली नाही. तिने त्याचा दंड धरला. त्याला चवड्याखालून बाहेर आणायला तिला बरंच ओढावं लागलं.